लांबचा विमानप्रवास आणि लॅपटॉपची बॅटरी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

एम.एस.साठी जर्मनीला निघालेली पोरं, कंपनीच्या कामाने जाणारे उद्यमबागेतले इंजिनिअर, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले आई-वडील असे सगळे निघण्याच्या आठवड्यात आमच्या लॅपटॉपच्या दुकानात येतात आणि थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारतात. उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. तुमच्या उपयोगाचा प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा, चालेल. मात्र पॉवर बँकेचा आणि फुगलेल्या बॅटरीचा प्रश्न सगळ्यांनी वाचावा.

तयारी कधीपासून करायची? विमानात बसल्यावर बघू म्हटलं तर?

उशीर होतो. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशात थेट विमान जात नाही. लंडनला जा नाहीतर दुबईला, आधी बंगळूर, मुंबई, हैदराबाद किंवा गोवा गाठावेच लागते. बंगळूर आणि मुंबई आपल्यापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास. कुणी रात्रीच्या स्लीपरने जातो, कुणी राणी चन्नम्मा रेल्वेने, कुणी चोर्ला घाटातून गोव्याच्या मोपा विमानतळाला गाडी करून. विमानतळावर तीन तास आधी पोचायचे, मग चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी. खरे लांबचे विमान सुटते तेव्हा घरातल्या बोर्डावरून चार्जर काढून बारा-पंधरा तास होऊन गेलेले असतात. एवढ्या वेळात बसमध्ये एक सिनेमा पाहिला आणि विमानतळावर थोडे मेल केले, की मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे पंधरा-सोळा तास तीस टक्क्यांवर काढायची वेळ येते.

म्हणून पहिले ध्येय एकच ठेवा: मोठ्या विमानात पाय ठेवताना लॅपटॉप शंभर टक्के भरलेला असला पाहिजे. बॅटरीचा आकार काही आता वाढवता येत नाही. ताशी खर्च मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि खाली बहुतेक त्याबद्दलच लिहिले आहे.

"कंपनीवाले दहा तास म्हणाले होते, माझा तर चार तासांत संपतो. फसवलं की काय?"

तसे म्हणता येत नाही. ते दहा तास कमी उजेडात, एकच हलके काम चालू ठेवून मोजलेले असतात. तुमचे काम तसे नसते.

हिशोब सोपा आहे. बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॅट-अवरमध्ये सांगतात. लॅपटॉपच्या पाठीवर किंवा बॅटरीच्या लेबलवर हा आकडा असतो. नसला तर व्होल्ट आणि एमएएच यांचा गुणाकार करून हजाराने भागा. ११.४ व्होल्ट आणि ४४०० एमएएच म्हणजे साधारण ५० वॅट-अवर. आता लॅपटॉप किती वॅट खातो ते पाहा. मजकूर लिहिणे, पीडीएफ वाचणे अशा कामाला साधा लॅपटॉप आठ-दहा वॅट घेतो, म्हणजे पाच-सहा तास मिळतात. व्हिडिओ कॉलला पंधरा-वीस वॅट लागतात, म्हणजे अडीच-तीन तास. थ्रीडी डिझाइनचे सॉफ्टवेअर किंवा गेम चालू केला की पन्नास वॅटच्या वर जातो आणि तासाभरात बॅटरी आटोपते. यंत्र तेच, बॅटरी तीच. काम बदलले की तास बदलतात.

माझ्या बॅटरीत किती दम उरलाय, ते घरी कळतं का?

कळते, आणि तिकीट काढल्या दिवशीच पाहून घ्या, म्हणजे बदलायची असली तर हातात वेळ राहतो.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत पॉवरसीएफजी टाइप करा, एक जागा सोडा, मग पुढे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा सलग शब्द. एंटर दाबल्यावर एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडली की दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला ५०,००० आणि दुसरा ३४,००० असेल तर तुमची बॅटरी आता ३४ वॅट-अवरचीच आहे. कोपऱ्यात शंभर टक्के दिसते ते या ३४ चे शंभर टक्के. मॅकबुकमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर बॅटरी हेल्थ लिहिलेली असते.

लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच. साध्या लॅपटॉपची बॅटरी तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जनंतर बरीच उतरते, अलीकडच्या मॅकबुकला ॲपल हजार सांगते. दोन-तीन वर्षे रोज वापरलेल्या लॅपटॉपकडून नव्याचे तास मागू नयेत.

त्यानंतर एक चाचणी करा. चार्जर काढा, ब्राइटनेस तिसऱ्या हिश्श्यावर आणा, वाय-फाय बंद करा आणि विमानात जे करणार तेच काम अर्धा तास करा. अर्ध्या तासात दहा टक्के उतरले तर तुमच्याकडे पाच तास आहेत, वीस उतरले तर अडीच. प्रवासाचा बेत या आकड्यावर आखा. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारे "अजून इतके तास" हे त्या घडीच्या वापरावरून काढलेले असते, ते सारखे बदलत राहते.

आठवडाभर आधी चार्जिंगचं काही बदलायचं का?

बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरीचे आयुष्य जपायला चार्ज ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते. लेनोव्होमध्ये कॉन्झर्वेशन मोड, असुसमध्ये बॅटरी केअर, मॅकमध्ये ऑप्टिमाइज्ड चार्जिंग. रोज चार्जर लावून बसणाऱ्यांनी ती जरूर चालू ठेवावी. फक्त निघायच्या आदल्या दिवशी ती बंद करा, नाहीतर रात्रभर चार्जिंगला लावूनही सकाळी ऐंशीच दिसतील आणि चार्जर बिघडला म्हणून तुम्ही धावत दुकानात याल. परत आल्यावर पुन्हा चालू करा.

आमच्या गावात लाईटचा भरवसा नाही. नेमकी निघायच्या रात्री गेली तर?

खानापूर तालुक्यातल्या मंडळींनी, त्यातही जांबोटी, कणकुंबी बाजूच्या, पावसाळ्यात हे गृहीतच धरावे. झाड तारेवर पडले की वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या लोकांनाही रात्रीत काही करता येत नाही. आदल्या रात्रीवर विसंबू नका, दोन दिवस आधी पूर्ण भरून ठेवा. लॅपटॉप नीट शटडाऊन केला तर दोन दिवसांत एक-दोन टक्क्यांपलीकडे फारसे जात नाही.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर लॅपटॉप भरायला हरकत नाही, साठ-पासष्ट वॅटचा भार म्हणजे काहीच नाही. व्होल्टेज फार वर-खाली होत असेल, दिवे मिचकत असतील, तर चार्जर काढून ठेवा आणि स्थिर झाल्यावर लावा. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे कमी दाबाची भीती तितकी नाही. लाईट परत येताना बसणारा झटका चार्जर मारतो.

बसमध्ये, रेल्वेत चार्ज करून घेता येईल ना?

जमला तर बोनस समजा. स्लीपर बसमधला पॉइंट बहुधा मोबाइलपुरता असतो. त्याला लॅपटॉपचा चार्जर लावला की कधी चालतो, कधी सगळ्या रांगेचा पॉइंट बंद पडतो. रेल्वेत रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यातले पॉइंट बंद ठेवले जातात, म्हणजे राणी चन्नम्मात झोपायच्या आधीचा वेळ तेवढा मिळतो. बेळगाव-बंगळूर वंदे भारत दिवसाची आहे आणि तिच्या सीटपाशी सॉकेट असतात. हातात वेळ असेल तर या कामासाठी तीच बरी.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे मोठ्या विमानतळाचे गेट. मुंबई, बंगळूरला गेटजवळच्या खुर्च्यांना सॉकेट असतात. सिक्युरिटी झाल्यावर दुकाने बघत फिरण्याआधी सॉकेटजवळची खुर्ची धरा. त्या दीड-दोन तासांत रिकामा लॅपटॉपही भरत येतो. चार्जिंग चालू असताना झाकण मिटून ठेवलेत तर आणखी लवकर.

विमानात सीटला सॉकेट असतोच की. मग एवढी काळजी कशाला?

असतो, पण प्रत्येक विमानात नाही आणि प्रत्येक सीटला नाही. सांबऱ्याहून सुटणारी विमाने बहुतेक एटीआर, एम्ब्रेअर अशी छोटी असतात, तिथे सॉकेटची आशाच धरू नका. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानात इकॉनॉमीलाही बहुधा सॉकेट मिळतो. कधी तीन सीटमध्ये मिळून दोन असतात. तो दोन सीटच्या मध्ये, मांडीच्या खाली, हात घालून चाचपडावा लागेल अशा जागी असतो. शेजारी झोपण्याआधी शोधून ठेवा.

आता त्यातली खोच. या सॉकेटला ११० व्होल्ट असतात आणि एका सीटला मिळणाऱ्या विजेवर मर्यादा असते, जुन्या विमानांत ७५ वॅटच्या आसपास. तुमचा ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर तिथे सुखाने चालतो. गेमिंग लॅपटॉपचा १८० किंवा २३० वॅटचा चार्जर लावला की सॉकेटवरचा हिरवा दिवा विझतो आणि पुरवठा तुटतो. पुन्हा लावा, पुन्हा तुटतो. सॉकेट खराब आहे म्हणून लोक हवाई सुंदरीला बोलावतात, पण तो आपले काम बरोबर करत असतो.

उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी अनेक विमानांत हा पुरवठा बंद ठेवतात. शिवाय आपली तीन गोल पिनांची जड प्लग तिथे सैल बसते. चार्जरचा विटेएवढा गोळा थेट सॉकेटला लोंबकळत ठेवला तर अर्ध्या तासात निसटतो. गोळा खाली ठेवता येईल अशी लांब वायर असलेला चार्जर घ्या, आणि दोन चपट्या पिनांचा छोटा अडॅप्टर जवळ ठेवा. तो जास्त घट्ट बसतो.

सीटवरचा जुना चौकोनी यूएसबी पॉइंट मोबाइलसाठी असतो. दहा वॅटच्या आसपास देतो. त्याने लॅपटॉप चार्ज होत नाही.

माझा लॅपटॉप मोठ्या वॅटचा आहे. मग विमानात काहीच उपाय नाही?

आहे. लॅपटॉपला टाइप-सीवरून चार्ज घेता येत असेल तर ६५ वॅटचा छोटा टाइप-सी चार्जर न्या. गेम खेळताना तो पुरणार नाही, पण लिखाण-वाचनाच्या खर्चापेक्षा जास्तच देतो, म्हणजे बॅटरी हळूहळू चढते. सॉकेट सारखा तुटत असेल तर झाकण मिटून किंवा यंत्र बंद करून चार्जिंगला लावा. चालू यंत्र आणि रिकामी बॅटरी दोन्ही एकदम ओढायला लागतात तेव्हाच मर्यादा ओलांडली जाते. बॅटरी ऐंशीच्या वर गेली की ओढही कमी होते.

केबलकडे लक्ष द्या. टाइप-सीच्या साध्या केबलमधून ६० वॅटपर्यंतच जातात, त्याच्या वरचे हवे असतील तर १०० किंवा २४० वॅट असे लिहिलेली केबल लागते. मोबाइलबरोबर आलेली बारीक केबल लावून चार्जिंग हळू होतंय म्हणून चार्जरला दोष देणारे बरेच येतात.

पॉवर बँक नेली तर? वीस हजार एमएएचची आहे.

न्या, पण नियम नीट समजून घ्या. हे गेल्या काही काळात बदलले आहेत आणि चार वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या भावजींचा अनुभव आता उपयोगाचा नाही.

पॉवर बँक ही सुटी लिथियम बॅटरी धरली जाते. ती चेक-इनच्या बॅगेत टाकायला सक्त मनाई आहे, हातातल्या बॅगेतच पाहिजे. १०० वॅट-अवरपर्यंत विचारायला लागत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. वीस हजार एमएएचची बँक ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॅट-अवर होते, म्हणजे मर्यादेत. २७,००० ची अगदी काठावर येते. आकडा बँकेवर छापलेला आणि वाचता येईल असा असावा. घासून पुसलेला असेल तर सिक्युरिटीवाले काढून ठेवू शकतात, मग वाद घालून उपयोग नसतो.

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान सुटण्याआधीच पेटले आणि त्यानंतर एकामागून एक कंपन्यांनी नियम कडक केले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने काही चार्ज करणे बंद केले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका प्रवाशाला १०० वॅट-अवरखालची एकच बँक, तीही न वापरता, समोरच्या खिशात किंवा सीटखाली ठेवायची, असा नियम केला. आपल्याकडे विमानवाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएनेही विमानात पॉवर बँक वापरायला आणि ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली आहे. दुबईमार्गे जाणारे आपल्या भागातले लोक पुष्कळ, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तर पॉवर बँकेचा उपयोग बसमध्ये, टॅक्सीत, गेटवर. विमानात चढायच्या आधी तिच्याकडून लॅपटॉप शंभरवर आणून घ्या आणि मग तिला विश्रांती द्या. घेताना ६५ वॅट टाइप-सी पीडी असे लिहिलेली घ्या, साध्या मोबाइलच्या बँकेने लॅपटॉप चार्ज होत नाही. आणि ७४ चे ७४ लॅपटॉपला मिळत नाहीत, काही भाग उष्णतेत जातो. पन्नास-साठ मिळाले तर समाधान माना. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक नसलेली बँक कितीही स्वस्त मिळो, विमानात बरोबर नेऊ नका.

विमानात खर्च कमी करायला नेमकं काय बंद करायचं?

सगळ्यात मोठा खाणारा म्हणजे स्क्रीन. मुंबईहून निघणारी लांबची विमाने बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात, जेवण झाले की दिवे मालवतात. त्या अंधारात पंचवीस-तीस टक्के ब्राइटनेस भरपूर होतो आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांवरही उजेड जात नाही. नवीन लॅपटॉपचा स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झचा असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० करा. याने मिळणारा वेळ लोकांना खरा वाटत नाही, करून पाहा. कीबोर्डचा दिवा विझवा. डार्क मोडचा फायदा ओएलईडी स्क्रीनलाच होतो. साध्या एलसीडीत मागचा दिवा तेवढाच जळतो, मग पान काळे असो की पांढरे.

दुसरा खाणारा वेगळे ग्राफिक कार्ड. गेमिंगच्या आणि डिझाइनच्या लॅपटॉपमध्ये ते कधी कधी काही कारण नसताना जागे राहते. उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये इको किंवा इंटिग्रेटेड असा पर्याय असतो, तो घरूनच लावून निघा, कारण बदलल्यावर बऱ्याचदा यंत्र पुन्हा चालू करावे लागते.

तिसरे, मागे गुपचूप चालणारी कामे. नेटवर फोटो-फाइली ढकलत बसणारा ड्राइव्ह, व्हायरस स्कॅन, अर्धवट उतरलेला विंडोज अपडेट. निघण्याच्या दोन दिवस आधी सगळे अपडेट पुरे करा, एकदा रीस्टार्ट करा. ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे ठेवून बसू नका. विंडोजचा एनर्जी सेव्हर किंवा मॅकचा लो पॉवर मोड सुरुवातीपासून चालू ठेवा, वीस टक्के उरल्यावर लावून काय साधणार? यंत्र थोडे सावकाश चालते, लिहिण्या-वाचण्यात ते जाणवतही नाही.

पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, बिनवायरच्या माऊसचा यूएसबीत लावायचा तुकडा, जे लावलेले आहे ते लॅपटॉपचीच वीज खाते. काम झाले की काढा. ब्लूटूथचा खर्च किरकोळ आहे, पण वायरचा इअरफोन जवळ असेल तर तो बरा.

एअरप्लेन मोड लावला तर मराठी टाइप होत नाही. काय करायचं?

ही अडचण फक्त ब्राउझरमधून मराठी लिहिणाऱ्यांना येते. विंडोजमध्ये स्वतःचा मराठी कीबोर्ड आहे. इनस्क्रिप्ट जुना, आणि २०१९ पासून फोनेटिकही आला. सेटिंग्जमध्ये भाषा जोडताना नेट लागते, नंतर विमानात बिननेटचा चालतो. घरी एक-दोन दिवस त्यावर हात बसवून घ्या. कन्नडचाही तिथेच मिळतो, दोन्ही लागणाऱ्यांनी दोन्ही घालून ठेवावेत. म्हणजे वाय-फाय बिनधास्त बंद ठेवता येते. नाहीतर लॅपटॉप न मिळणारे नेटवर्क शोधत राहतो.

सिनेमे बघत गेलो तर किती टिकेल?

आधीच उतरवून ठेवलेला सिनेमा असेल तर बऱ्यापैकी टिकतो. लॅपटॉपची व्हिडिओ चिप ते काम कमी विजेत करते. पण फाइल एव्ही१ सारख्या नव्या पद्धतीची आणि लॅपटॉप पाच-सहा वर्षांचा असेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घरघरायला लागतो आणि तास निम्मे होतात. पंखा ऐकू आला तर समजा काहीतरी जास्त खातेय. जुन्या लॅपटॉपसाठी एच.२६४ ची, ७२० किंवा १०८० ची फाइल घ्या. आणि सिनेमाच बघायचा असेल तर समोरच्या सीटचा स्क्रीन फुकट आहे. लॅपटॉप कामासाठी राखा.

झाकण मिटून बॅगेत ठेवला होता, काढला तर गरम आणि बॅटरी निम्मी!

अलीकडच्या विंडोज लॅपटॉपची ही सर्रास तक्रार आहे. झाकण मिटले तरी तो पुरता झोपत नाही, मधूनमधून जागा होऊन मेल, अपडेट बघत बसतो. बॅगेत हवा खेळत नाही, त्यात वरून कुंद्याचे डबे आणि चटणीच्या पिशव्या कोंबलेल्या. गरम होऊन बॅटरी झिजतेही.

कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचे ते ठरवता येते. तिथे हायबरनेट निवडा. हायबरनेटमध्ये उघडे काम जसेच्या तसे डिस्कवर जाते आणि यंत्र पूर्ण बंद होते, खर्च जवळपास शून्य. घरून बसमध्ये चढताना, एका विमानातून दुसऱ्यात जाताना हेच करा. मॅकबुकला ही कटकट कमी.

ट्रॅकपॅड वर आलाय, झाकण नीट मिटत नाही. प्रवासापुरतं चालवू का?

मुळीच नाही. बॅटरी फुगली आहे.

खानापूरकडचा एक विद्यार्थी निघायच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन आला होता. तक्रार एवढीच, की माऊसचे क्लिक लागत नाही. यंत्र काउंटरच्या काचेवर ठेवले तर चार पायांवर बसेना, बोट लावले की डुलत होते. मागचे स्क्रू सैल केले तसे झाकण आपोआप उचलले गेले. आतल्या तीन सेलपैकी मधला उशीसारखा टम्म झाला होता आणि त्यानेच ट्रॅकपॅडला खालून दाबून धरले होते. तो तसाच घेऊन विमानात बसणार होता. त्याच्या आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि तिची भीती रास्त होती.

फुगलेली बॅटरी म्हणजे आतल्या रसायनाचा वायू झालेला. टोचली, दाबली, तापली तर पेट घेऊ शकते. खराब किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी विमानात न्यायला परवानगीच नाही. २०१९ मध्ये ॲपलने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ दरम्यान विकलेले काही १५ इंची मॅकबुक प्रो बॅटरीसाठी परत मागवले होते, तेव्हा डीजीसीएनेही ती यंत्रे विमानात आणू नका असे सांगितले होते. चार्जिंग ताबडतोब थांबवा, यंत्र बंद करा, स्वतः उघडू नका, टोचून हवा काढायचा उद्योग तर नकोच. कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरला द्या.

नवी बॅटरी घालायची तर बाराशेची घ्यावी की कंपनीची?

लांबच्या प्रवासाला निघताय, कंपनीचीच घ्या. स्वस्त बॅटरीवर छापलेला आकडा आणि आतली ऊर्जा यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही, आणि तिची सुरक्षा-सर्किटे कशी आहेत ते बाहेरून कळायला मार्ग नाही. मिळायला आठ-पंधरा दिवस लागू शकतात, म्हणून तिकीट काढल्यावर लगेच तपासा म्हणतो ते याचसाठी. घातल्यावर निदान आठवडाभर घरी वापरून पाहा.

लॅपटॉप चेक-इन बॅगेत टाकून मोकळं होऊ का?

नियमाने पूर्ण बंद करून टाकता येतो, पण टाकू नये. हातातच ठेवा. छोट्या विमानात वरचा कप्पा लहान असल्याने कधी हातातली बॅग दारातच काढून पोटात टाकायला घेतात. अशा वेळी बॅग देण्याआधी लॅपटॉप आणि पॉवर बँक बाहेर काढा, कुणी न सांगता.

सिक्युरिटीला लॅपटॉप चालू करून दाखवायला लावतात म्हणे?

लावू शकतात. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी जुलै २०१४ मध्ये तिथल्या टीएसए या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने हे सुरू केले: चालू न होणारे यंत्र विमानात नेऊ देणार नाही. रोज प्रत्येकाला सांगतात असे नाही. तरी ट्रान्झिटच्या विमानतळावर पोचताना दहा-पंधरा टक्के तरी शिल्लक असू द्या.

विमानात लॅपटॉप किंवा मोबाइल फार तापला, धूर आला तर?

लगेच कर्मचाऱ्यांना हाक मारा. त्यांना याचेच प्रशिक्षण असते. स्वतः पांघरूण टाकून झाकायला जाऊ नका. मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करू नका, चिरडून पेट घेऊ शकतो, त्यांनाच बोलवा. एरवी मांडीवर ब्लँकेट घेऊन त्यावर लॅपटॉप ठेवायची सवय सोडा. खालची जाळी बंद होते, पंखा जोरात फिरतो, बॅटरी जाते. ट्रेवर ठेवा. पुढच्याने सीट एकदम मागे टाकली की स्क्रीन अडकून तडकतो, तेव्हा झाकण थोडे तिरके राहू द्या.

उतरल्यावर तिकडच्या भिंतीत आपला चार्जर चालेल?

चार्जरच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिले असेल तर कुठेही चालतो, बदलायची फक्त पिन. अमेरिकेला दोन चपट्या पिना, इंग्लंडला तीन जाड चौकोनी, जर्मनीला दोन गोल. आपली गोल पिन जर्मनीच्या सॉकेटला जाईलसे दिसते, पण सैल बसते किंवा अडते. इथूनच अडॅप्टर घ्या, खडेबाजारात सहज मिळतो आणि विमानतळावर त्याचे कितीतरी पट पैसे पडतात. एक अडॅप्टर हातातल्या बॅगेत असू द्या. मोठी बॅग मागे राहिली आणि पोचल्या रात्रीच घरी फोन करायचा असला, तर चार्जर असून नुसते बघत बसावे लागते.